घनपाठातली किल्ली

दुर्गाबाई मेथी निवडत होत्या आणि निवडता निवडता काहीतरी पुटपुटत होत्या, एवढेच प्रथम बद्रीनाथशास्त्र्यांच्या कानांवर आले. पत्नीचे पुटपुटणे हा त्या घरातील नित्याचा स्वर होता. भिंतीपलीकडच्या शिलाई यंत्राची घरघर, सळ्या लादून कारखान्यांकडून येणाऱ्या मालमोटारींचा खणखणाट, यांच्यासारखाच तो असून नसल्यासारखा. शास्त्रीबुवांनी चष्म्याची काच उपरण्याच्या टोकाने पुसली, डोळ्यांवर चढवली, आणि त्याच क्षणी त्या पुटपुटण्यातून एक शब्द सुटा होऊन त्यांच्यापर्यंत आला. नेबेल. त्यांना वाटले, आपल्याच मनातला शब्द आपल्याला ऐकू आला. उतारवयात असे होते. पण पाठोपाठ दुसरा आला, इगेल, आणि मग मेथीच्या काडीबरोबर मोडत, तरी क्रम न सोडता, सगळी ओळच आली: नेबेल इगेल, इगेल नेबेल, नेबेल इगेल कोर्ब, कोर्ब इगेल नेबेल, नेबेल इगेल कोर्ब. दुर्गाबाईंचा आघातसुद्धा चुकला नव्हता. आयुष्यभर ज्या शास्त्रीबुवांनी विद्यार्थ्यांचे पाठ तपासले, त्यांना पहिली जाणीव झाली ती पाठ निर्दोष असल्याची; आणि भय त्यानंतर आले, मागे राहिलेल्या सोबत्यासारखे, धापा टाकीत.

नेबेलपासून सुरू होणारे ते बारा जर्मन शब्द त्यांची किल्ली होती. कशाची किल्ली, हे त्यांना नीट सांगता आले असते असे नाही. जर्मनीतील एका संशोधन मंडळासाठी गेली अनेक वर्षे ते वेदपाठांच्या ध्वनिसंग्रहाचे काम करीत होते. पाठ म्हणावा, तिकडे पाठवावा, तिकडून शंका यावी, उत्तर द्यावे. हे सारे मोबाइलवरच्या त्याच फुकटच्या निरोपपेटीतून चाले, जिच्यातून घराघरात सकाळी फुलांची चित्रे येतात. मग एके दिवशी मंडळाच्या योहानाबाईंनी, ज्या पुण्यात शिकलेले मराठी अजून जपून, घडी मोडू न देता वापरीत, त्यांना समजावले होते: "शास्त्रीजी, आपण बोलतो ते आपल्याकडे राहत नाही. ते समुद्रापलीकडील एका व्यापारी मंडळीच्या यंत्रांत राहते. तिथला कायदा त्यांचा, कुलूप त्यांचे. उद्या त्यांनी दार लावून घेतले तर आपलीच वाणी आपल्याला मागून आणावी लागेल. म्हणून युरोपातील अनेक संस्थांप्रमाणे आम्हीही स्वतःचे घर बांधले आहे. यंत्रे आमच्या गावात, कायदा आमचा. आणि दोघांतले बोलणे असे कुलूपबंद होईल की आम्हालाही ते उघडता येणार नाही." हे ऐकून शास्त्रीबुवांना आश्चर्य वाटण्याऐवजी ओळख पटल्यासारखे झाले होते. गोदाकाठच्या पाठशाळेत गुरुजींच्या पोथ्या उंबऱ्याबाहेर जात नसत. कोणी संस्थानिकाचा माणूस मागायला आला तर गुरुजी म्हणत, इथे बसा, इथे ऐका, नेऊ नका. म्हणजे हा युरोपही शेवटी उंबऱ्यापाशीच आला होता. फक्त गुरुजींच्या घरात ऐकण्याला बंदी नव्हती, नेण्याला होती. आणि या नव्या घरात ऐकणे हेच नेणे होते, हा भेद त्या वेळी त्यांच्या ध्यानात आला नाही. किंवा आला असेल, आणि शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाला वाट द्यावी तशी त्यांनी त्याला वाट दिली असेल.

या नव्या घरातल्या त्यांच्या खात्याची किल्ली म्हणून बारा शब्द मिळाले तेव्हा योहानाबाईंनी सांगितले होते की हे शब्द कागदावर लिहावेत, कागद कपाटात ठेवावा, कोणाला दाखवू नये. कागदावर! शास्त्रीबुवा मनात हसले होते. पाठशाळेत लिहून वाचणारा विद्यार्थी सर्वांत खालच्या पंक्तीचा समजला जाई. जे कागदावर आहे ते कागदाला येते, तुला काय येते, असे गुरुजी विचारीत. कागद कोणीही उचलून नेईल. कंठातले कोण नेणार? तेव्हा शास्त्रीबुवांनी शब्द लिहिले नाहीत. त्यांचे अर्थ मात्र शोधले, कारण अर्थावाचून पाठ म्हणणे त्यांना रुचेना: नेबेल म्हणजे धुके, इगेल म्हणजे काटे उभारून गोल होणारा एक लहान प्राणी, कोर्ब म्हणजे टोपली, पुढे लाटेर्ने म्हणजे कंदील होता, पूल होता. त्या शब्दांना एकमेकांशी काही देणेघेणे नव्हते, आणि म्हणूनच ते निसटत. निसटणाऱ्या शब्दांना बांधण्याचा जो मार्ग त्यांना ठाऊक होता, तोच त्यांनी धरला. पुढून मागे, मागून पुढे, दोनाला तिसरा जोडून पुन्हा उलट, असा घनपाठ. ज्याने सहस्र वर्षे एक अक्षर हलू दिले नाही. आणि पाठ झालेले रोज फिरवले नाही तर त्यावर गंज चढतो, म्हणून सकाळची संध्या आटोपली की स्वच्छ, खणखणीत आवाजात, कारण पुटपुटणे हाही दोषच, ते धुके, तो प्राणी आणि ती टोपली उगवत्या सूर्यासमोर फिरवली जात असे. जालन्याच्या कादराबादेतील त्या लहान घराच्या खिडक्या त्या वेळी उघड्या असत. हे सर्व त्यांना आता, मेथीच्या ढिगाकडे पाहताना, एकदम दिसले. जणू कोणी तरी त्यांच्या पाठीमागे दिवा धरला आणि समोरच्या भिंतीवर त्यांचीच सावली शेंडीसकट उमटली.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" त्यांनी विचारले.

"काय?"

"हे. जे म्हणताहात ते."

दुर्गाबाईंनी मान वर केली. "अगंबाई! मी म्हणून राह्यले होते का?" त्या हसल्या. "तुमचंच की. रोज सकाळी कानावर पडतंय. मला वाटलं नवीन स्तोत्र काढलं एखाद्या देवाचं. चांगलं आहे, हाताला वेग येतो. भाजी जल्दी होते."

"ते स्तोत्र नाही."

"मंग काय आहे?"

काय आहे, हे सांगणे म्हणजे पुन्हा एकदा सांगणे. तेवढ्यात मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून चाँदबींनी हाक दिली. चाँदबी शिलाईचे काम करीत, आणि दोन्ही घरांतली विरजण, कढीपत्ता व बातम्या यांची देवघेव त्या भिंतीवरूनच होई. "भाभी, मेथी झाली का? आन् शास्त्रीजी, तुमचं ते कोर्ब लाटेर्ने बहोत अच्छं है हां. माझी मशीन त्याच तालावर चालती. माझा रशीद तर दुकानात बसून म्हन्तो, गिऱ्हाईक पुसतं, कौनसा गाना है."

"रशीदलाही येते?"

"बराबर येतं! फक्त शेवटी शेवटी अटकतो. आवाज जरा मोठा काढा न शेवटी. तिथं तुम्ही दमता."

"दमणारच," दुर्गाबाई म्हणाल्या. "काल चहा न घेता बसले होते. बुवांचा देव सुद्धा आता परदेशी झालाय, त्याला चहा आधी चालत न्हाई."

दोघी हसल्या. शास्त्रीबुवांनी आत येऊन दार लोटले आणि का लोटले ते त्यांनाच कळेना. बाहेर जाण्यासारखे जे होते ते केव्हाच गेले होते. गल्लीतून, शिलाई यंत्राखालून, गांधी चमनाजवळच्या मोबाइलदुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसले होते.

नियम त्यांना पाठ होता, आणि तो कागदावाचूनही स्पष्ट होता. किल्ली दुसऱ्याला कळली असे वाटल्यास त्याच दिवशी कळवावे. मग जुने खाते कायमचे बंद होईल, नवे उघडेल. जुन्या खात्यातले निरोप कोणालाच, मंडळालाही, पुन्हा उघडता येणार नाहीत. त्या घरात आपण एकटेच राहत नाही, हेही योहानाबाईंनी एकदा हळू आवाजात सांगितले होते. मंडळात काही विद्वान असे होते की जे आपला देश सोडून आले होते आणि ज्यांची भावंडे अजून तिथेच होती. त्यांच्या गप्पा कोणी ऐकल्या तर तिकडे एखाद्या दारावर थाप पडेल. एक दार किलकिले राहिले तर सगळ्या घरात वारा शिरतो. शास्त्रीबुवांनी ती अनोळखी भावंडे कधी पाहिली नव्हती, तरी आता ती त्यांना दिसू लागली: एका थंड खोलीत बसलेली, दाराकडे कान लावलेली, आणि दाराबाहेर चाँदबींचे शिलाई यंत्र ताल धरून चाललेले. हे हास्यास्पद होते. दुर्गाबाई आणि चाँदबी कोणाचे काय बिघडवणार? पण हास्यास्पद आहे म्हणून असत्य आहे, असा न्याय कोणत्याही शास्त्रात त्यांनी वाचला नव्हता.

कळवायचे, यात संशय नव्हता. संशय होता तो निराळाच, आणि त्याचे नाव भागवत होते.

भागवतशास्त्री त्यांचे गुरुबंधू. दोघे एकाच चटईवर बसून शिकले. पुढे बद्रीनाथ जालन्यात शिकवायला आले आणि भागवत कुंभार पिंपळगावात मोसंबीची बाग व अग्निहोत्र सांभाळत राहिले. मंडळाच्या कामात दोघे एकत्र होते. मध्यंतरी भागवतांनी एकाएकी काम सोडले होते. गावच्या आठवडी बाजारात वांगी घेताना त्यांना मंत्र ऐकू आले, आवाज ओळखीचा वाटला, आणि वळून पाहतात तो गुडघेदुखीचे तेल विकणाऱ्या एका माणसाच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज येत होता. मंत्र संपला की तेलवाला ओरडे, तीन मालिश में आराम. जुन्या निरोपपेटीतून कोणाकडून कोणाकडे फिरत तो तिथवर पोचला होता. भागवत पिशवी घेऊन तिथेच उभे राहिले; पुढे बद्रीनाथांना सांगताना ते म्हणाले होते, "बद्री, मी माझ्याच आवाजाला वळखून नमस्कार कराय लागल्तो रे, मंग तेलाची बाटली दिसली." त्यानंतर ते मोबाइलपुढे बोलेनात. नव्या घराची गोष्ट ऐकल्यावर मात्र त्यांनी एवढेच विचारले, "म्हंजे आपलं घर, आपलं कुलूप? कोन्ही नेनार न्हाई?" आणि ते परत आले. मागच्या कार्तिकात ते वारले, तोपर्यंत त्या बंद दारामागे दोघांचे रोजचे बोलणे चाले. पाठ संग्रहात गेले होते, ते सुरक्षित होते. उरले होते ते नुसते बोलणे. पाठाच्या आधीचे, नंतरचे, खोकल्याने तुटलेले. ते या बारा शब्दांमागे होते, आणि आज संध्याकाळी कुठेच असणार नव्हते.

शास्त्रीबुवांना याचीच लाज वाटली. वेद सुरक्षित असताना आपण खोकल्यासाठी शोक करतो आहोत. हे कोणत्या कोटीतले अज्ञान?

भागवतांचे आवाज संध्याकाळी पुसले जातील, एवढे त्यांनी दुर्गाबाईंना सांगितले, आणि तेही भिंतीवरून पलीकडे गेले. दुपारी जेवायला घरी आलेला रशीद भिंतीशी उभा राहून सहज म्हणाला, "शास्त्रीजी, अम्मी बोली काही तरी लफडा झाला. आवाजच ठेवायचे न? दुसरा मोबाइल समोर धरा, भरून घ्या. माझ्याकडं पडेल है एक. पाच मिनिटांचं काम." त्याच्या डोळ्यांत निर्मळ साहाय्याव्यतिरिक्त काही नव्हते. शास्त्रीबुवांचा हात पुढे झाला, खरोखरच झाला. तळहातावर ऊन पडलेले त्यांना जाणवले. मग त्यांच्या कानांत तेलवाल्याचा तो बाजार ऐकू आला. दुसरा मोबाइल म्हणजे दुसरे घर, दुसरे कुलूप, आणि त्या घराला किती दारे असतात हे रशीदलाही ठाऊक नव्हते. "नको," ते म्हणाले. "तो कोणी नेऊ नये म्हणाला होता."

"कोन?"

"गेला तो."

रशीदने मान हलवली, समजल्यासारखी. "मंग नुस्तं ऐकून घ्या," तो म्हणाला. "ऐकायला काय खर्चा है."

ऐकून घ्यावे. नेऊ नये, ऐकावे. इथे बसा, इथे ऐका. शास्त्रीबुवांना गुरुजींचाच स्वर ऐकू आल्यासारखे झाले, आणि त्यांनी ठरवले की हे सारे बोलणे कंठात घ्यायचे. जर्मनीतील कार्यालयाचा दिवस सुरू झालेला होता, पण तो मावळायला इकडची संध्याकाळ उलटावी लागे. तोवरचा वेळ त्यांचा होता. त्यांनी आसन घातले, मोबाइल पुढ्यात चौरंगावर ठेवला, आणि भागवत बोलू लागले. "बद्री, ऐकून राह्यलास का? आज छाती जरा भरल्यासारखी झाली, म्हून अर्धाच म्हन्तो. फळगळ सुरू झाली इकडं, झाडाखाली नुसता सडा. कल्याण म्हन्तो दवाखान्यात चला. मी म्हन्लं, हा अनुवाक होऊ दे, मंग तू म्हणशील तिथं." मग खोकला. मग मागे कोठेतरी कल्याणची, त्यांच्या मुलाची, हाक. मग पाठ, अर्धाच. आणि शेवटी नेहमीचे ते दोन शब्द, ज्यांनी पाठशाळेत ते धाकट्या बद्रीला पुढचे म्हणायला सांगत आणि म्हातारपणीही सांगत राहिले: "हं... पुढं."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून वाक्ये म्हणून पाहिली. शब्द आले. फळगळ आली, दवाखाना आला. पण भागवत आले नाहीत. त्यांनी पुन्हा ऐकले, घनपाठ लावून पाहिला, फळगळ सुरू, सुरू फळगळ, आणि ओठांवरचे ते ऐकून त्यांना स्वतःचीच भीती वाटली. ज्या मेंदूत शाखेच्या शाखा एकही मात्रा न ढळता वसल्या होत्या, त्यात एका माणसाचा दमलेला श्वास मावेना. स्वर उदात्त की अनुदात्त हे ठरत नव्हते. खोकल्याला छंद नव्हता. अर्थ नसलेली ती परकी टोपली आणि तो कंदील गल्लीभर सर्वांना आपोआप आला, आणि ज्याचा प्रत्येक अर्थ त्यांना ठाऊक होता ते मात्र पाण्यासारखे बोटांतून जात होते. असे का व्हावे? की पाठ करायला घेतलेले तेवढेच राहते आणि जगलेले राहत नाही? की उलट? ते पुन्हा ऐकत, पुन्हा म्हणत, पुन्हा हरत. ऊन अंगणातून भिंतीवर चढले. दुर्गाबाई एकदा चहा ठेवून गेल्या, एकदा थंड झालेला उचलून गेल्या. उंबऱ्यापाशी त्या थोडा वेळ थांबल्या. "भागवतभावजींना खोकला भारी होता हो," एवढेच म्हणाल्या, आणि आत गेल्या. भांडी लावण्याचा आवाज, भागवत, भांडी, भागवत. शेवटच्या निरोपात पाठ नव्हताच. "बद्री, आज काही होत न्हाई. तूच म्हण. मी ऐकतो." आणि लांब शांतता, ज्यात पंखा फिरत होता. "हं... पुढं." त्या दिवशी शास्त्रीबुवांनी पुढचे म्हणून पाठवले होते. ऐकल्याची खूण कधी आली नाही.

भिंतीवरचेही ऊन सरून गेल्यावर त्यांनी योहानाबाईंना फोन लावला आणि घडले ते क्रमाने सांगितले. मेथी, शिलाई यंत्र, दुकान, काही वगळले नाही. योहानाबाई हसताहेत की काय, असे त्यांना वाटले; पण त्यांचा आवाज आला तेव्हा तो हसरा नव्हता.

"शास्त्रीजी, आपण घनपाठ केलात? त्या शब्दांचा?"

"दुसरा उपाय मला ठाऊक नव्हता."

"आपल्या शेजारणीपासून काही भय नाही, हे मला कळते. परंतु आपण सांगितल्यानंतर मला ठाऊक नाही असे मी करू शकत नाही."

"म्हणूनच सांगितले."

"भागवतजींचे..." त्या म्हणाल्या. दोघांचे रोजचे बोलणे त्याच खात्यात होते, हे त्यांना ठाऊक होते. "ते आम्ही वाचवू शकत नाही. आम्ही वाचवू शकलो असतो, तर त्याचा अर्थ असा झाला असता की आम्ही ते पहिल्यापासून ऐकू शकत होतो."

"हे योग्यच आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. आणि म्हणताना त्यांना ते इतके योग्य वाटले, आणि इतके निर्दय, की दोन्ही एकाच वेळी कसे असू शकते याचा विचार करीत बोलणे संपल्यावरही ते फोन कानाशीच धरून बसले. चौरंगावर ठेवला तेव्हा त्याची काच उबदार होती. थोड्या वेळाने तिच्यावरची भागवतांची ओळ, नाव आणि शेजारचे मोसंबीच्या झाडाचे चित्र, एकाएकी नाही तर पान उलटावे तशी सरकली आणि तिथे पांढरे उरले. नवे बारा शब्द आले. शास्त्रीबुवांनी ते, न उच्चारता, एका कागदावर लिहिले. बोरू धरायला शिकणाऱ्यासारखे एकेक अक्षर त्यांनी पुन्हा निरखले. कागद कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली. मग ते शब्द आपल्याला येत नाहीत, कपाटाला येतात, असा विचार त्यांच्या मनात आला.

सकाळी संध्या झाली. सूर्य पाण्याच्या टाकीमागून वर आला. म्हणायचे काही नव्हते, म्हणून ते नुसते बसून राहिले आणि गल्ली किती मोठी आहे हे त्यांना प्रथमच ऐकू आले. भिंतीपलीकडे यंत्र दोन टाके घालून थांबले. "शास्त्रीजी," चाँदबींचा आवाज आला, "तब्येत बरी है न? आज पाठ न्हाई?"

शास्त्रीबुवांनी विचार केला. जुने शब्द आता काहीच उघडत नव्हते. ज्याला दार नाही त्या किल्लीला गुप्त कशापासून ठेवावे? ती आता कोणाची? मंडळाची नाही, त्यांची नाही. चाँदबींच्या यंत्राची असेल तर असेल. त्यांनी घसा साफ केला आणि म्हटले, नेबेल इगेल, इगेल नेबेल, नेबेल इगेल कोर्ब. यंत्र चालू झाले. आतून दुर्गाबाईंचा आवाज मिसळला, पोळपाटाच्या ठेक्यावर. धुके, प्राणी, टोपली, कंदील, पूल. शेवटाजवळ, जिथे ते नेहमी दमत, तिथे ते आजही दमले. श्वास तुटला, पुढचा शब्द सुचेना, आणि ते डोळे मिटून थांबले.

त्या थांबण्यात स्वयंपाकघरातून, लाटणे न थांबवता, दुर्गाबाई म्हणाल्या, "हं... पुढं."

ते दोन शब्द होते, आणि त्यांच्या मधली ती किंचित दमलेली जागाही होती, जी काल दिवसभर त्यांच्या कंठात आली नव्हती. तिथे भागवतच बसले होते. शास्त्रीबुवांचे डोळे उघडेनात. हेही बाहेर गेले, असे त्यांना वाटले, हेही भिंतीपलीकडे ऐकू गेले असेल. नियमाप्रमाणे हे आजच कळवायला हवे. पण कोणाला कळवायचे, हे त्यांना समजेना. त्यांनी पुढचे म्हटले.